हरवलेला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाशीमच्या बाजारपेठेतून एक फेरफटका मारण्याची माझी जुनी सवय आहे. दुकानादुकानांतून पणत्या लागलेल्या असतात, गादीवर स्वच्छ चादर अंथरलेली असते आणि पाटावर नव्या वह्यांच्या शेजारी हल्ली संगणकालाही हळदकुंकू वाहिलेले दिसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरफटक्यात एका परिचित दुकानदारांनी आपल्या आजोबांच्या वेळची खतावणी मोठ्या हौसेने माझ्यापुढे उघडली. एका रकमेवर बोट ठेवून ते हसत म्हणाले, "सर, तुम्ही मराठीचे प्रोफेसर ना? मग वाचा बरं एवढी रक्कम!"

पाचाचा आकडा, त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा आणि त्यांच्याही पुढे दोन आडव्या रेघा. उभ्या रेघा मला ठाऊक होत्या. जुन्या पुस्तकांवर 'किं. १॥ रु.' असे छापलेले आपण सर्वांनीच पाहिले आहे. ते म्हणजे दीड रुपया. तेव्हा हे 'साडेपाच' एवढे मी ओळखले. पुढे मात्र अडखळलो. दुकानदारांनी ती रक्कम झटकन वाचून दाखविली. मी "हो, हो, बरोबर" म्हणून मान डोलावली, हातावर ठेवलेल्या लाह्या-बत्तासे तोंडात टाकले आणि पुढे निघालो. त्या आडव्या रेघांचा अर्थ विचारावयाचे राहूनच गेले. खरे सांगावयाचे तर राहून गेले नाही. मराठीच्या प्राध्यापकाला ते विचारण्याची लाज वाटली. त्या लाजेपायी पुढे बरोबर एक रुपया हरवला. त्या रुपयाचीच ही हकीकत आहे.

दहाचा वर्ग एकशे दोन

माझ्या वर्गात रिसोडकडच्या एका खेड्यातली एक विद्यार्थिनी आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. परंतु तिच्यापाशी फोन आहे आणि फोनला वाचा आहे. पडद्यावरची मराठी अक्षरे तो घडाघडा वाचून दाखवितो. त्या आवाजात गोडवा म्हणाल तर नाही, सगळे काही एकाच सुरात चालते. पण तिच्या कानाला त्याची इतकी सवय झाली आहे की, आपल्याला नुसती कुरकुर वाटावी अशा वेगाने ती पानेच्या पाने ऐकते. माझ्या विषयात ती हुशार आहे. मात्र तिला बँकेच्या परीक्षेला बसावयाचे आहे आणि तेथे गणित लागते. शाळेत फळ्यावरचे गणित तिच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

एके दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, दहाचा वर्ग किती?"

"शंभर," मी म्हणालो. गणितातले तेवढे मलाही येते.

"पुस्तक म्हणते एकशे दोन."

तिने फोन माझ्या कानाशी धरला. खरोखरच तो म्हणत होता, "दहाचा वर्ग बरोबर एकशे दोन बरोबर शंभर." तेथून तो पुढच्या ओळीवर गेला आणि म्हणाला, "चौतीस रुपये." नंतर "चित्र". मग पुन्हा "चित्र". मग काही शब्द आणि पुन्हा "चित्र".

पुस्तक होते एक जुने मराठी शालेय अंकगणित. शंभर वर्षांपूर्वीचे असेल. त्याची पाने कोणा हितचिंतकाने संगणकावर चढवून सर्वांना फुकट खुली केली होती. हेतू उत्तम होता, मेहनतही केली होती. परंतु मूळ पान उघडून पाहिले तेव्हा घोटाळा कळला. तेथे दहाच्या डोक्यावर, उजव्या खांद्याशी, बारीक दोनाचा आकडा छापलेला होता. मजकूर उतरविताना तो बारीक दोन खांद्यावरून खाली घसरला आणि दहाच्या शेजारी जाऊन बसला. दहाचा वर्ग लिहिला होता, झाले एकशे दोन! तसेच तीन चतुर्थांशाचे. वर तीन, खाली चार, मध्ये रेघ. रेघ गळाली, तीन आणि चार एका ओळीत आले आणि पाऊण रुपयाचे चौतीस रुपये झाले. जेथे मांडणी फारच अवघड होती, तेथे उतरविणाऱ्याने शहाणपणा करून सरळ त्या भागाचे छायाचित्रच चिकटविले होते. डोळस वाचकाची त्यामुळे काहीच अडचण होत नाही. परंतु तिच्या फोनला त्या छायाचित्रातले आकडे वाचता येत नाहीत. तो बिचारा "चित्र" म्हणतो आणि पुढे जातो.

त्याच आठवड्यात मुलीचे वडील काही कामाने शहरात आले होते, ते मला भेटावयास आले. माणूस शेतकरी, बोलणे अस्सल वऱ्हाडी. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "सर, पुस्तक त फुकट भेटलं, पन ते उघडतच नाई, त त्याले का चाटाचं हाय?"

वाचकहो, फुकट पुस्तकांविषयी मी आजवर जे काही वाचले आहे, त्याचे सार या एका वाक्यात आहे.

अक्षर फिरते, चिन्ह बसते

ही फुकट पुस्तके येतात कोठून, ते थोडे सांगतो. आपल्याकडे १९५७ सालचा लेखाधिकाराचा कायदा आहे. त्याप्रमाणे सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे झाली की त्याचे पुस्तक सर्वांचे होते. कोणीही ते छापावे, वाटावे, संगणकावर चढवावे. सार्वजनिक विहिरीवर कोणीही पाणी भरावे, तसेच हे. ४ जुलै १९७१ या दिवशी मायकेल हार्ट नावाच्या तरुणाने अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर त्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला आणि 'प्रोजेक्ट गटेनबर्ग' या विनामूल्य ग्रंथालयाचा पाया घातला. त्या यंत्रावर त्या वेळी फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. तरीही काम चालले. कारण कथा, कविता, जाहीरनामे ही एका ओळीत चालणारी बाब आहे. एकामागून एक अक्षर टंकत जावे, अर्थ बिघडत नाही.

गणिताचे मात्र तसे नाही. मराठीच्या माणसाला हे उशिरा कळते. आमच्या भाषेत अक्षर कोठेही ठेवा, 'क' तो 'क'च. परंतु गणितात आकड्याचा अर्थ त्याच्या जागेवर ठरतो. तोच दोन ओळीत असला तर दोन, खांद्यावर बसला तर वर्ग, रेघेखाली गेला तर छेद. पंगतीत कोण कोणत्या पाटावर बसला यावरून मान ठरतो, तशातलाच हा प्रकार. पाट हलविला की मान गेला! म्हणून ज्यांनी ज्यांनी गणिताची जुनी पुस्तके संगणकावर उतरविण्याचा खटाटोप केला, त्या सर्वांपुढे हाच प्रश्न उभा राहिला, की जागा कशी लिहावयाची?

या प्रश्नाचे उत्तर एका वैतागलेल्या ग्रंथकाराने शोधून काढले. अमेरिकेतील डोनाल्ड क्नूथ हे संगणकशास्त्रातील फार मोठे नाव. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची होती. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळविलेली, देखणी. नवी मुद्रिते फोटोच्या यंत्रावर जुळवून आली, ती पाहून त्यांचे मन खट्टू झाले. दुसरा एखादा प्रकाशकाला चार खरमरीत पत्रे लिहून स्वस्थ बसला असता. क्नूथ यांनी ग्रंथलेखन बाजूला ठेवले आणि गणित जुळविण्याची एक नवी पद्धतच तयार केली. तिचे नाव 'टेख'. ती त्यांनी सर्वांना विनामूल्य देऊन टाकली. या पद्धतीत गणित चित्रासारखे काढावयाचे नसते. ते सांगावयाचे असते. 'येथे अपूर्णांक आहे, याचा अंश तीन, छेद चार' असे साध्या टंकलेल्या खुणांत लिहावयाचे. मग रेघ किती लांब, तीन किती वर, हे यंत्र बघून घेते. दहाचा वर्ग असेल तर दहानंतर काकपदाची खूण आणि मग दोन. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेख' ही सोयीची बैठक चढविली. जगभरचे गणिती आज आपले लेख याच पद्धतीने लिहितात. क्नूथ यांचा काटेकोरपणाही पाहण्यासारखा. आपल्या पुस्तकात चूक दाखवून देणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचे बक्षीस देत आले आणि 'टेख'च्या प्रत्येक नव्या सुधारणेबरोबर तिच्या आवृत्तीचा क्रमांक वर्तुळाच्या 'पाय' या गुणोत्तराच्या आणखी एक अंक जवळ जातो!

आता यात माझ्या विद्यार्थिनीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो पुण्याशी आहे. टी. व्ही. रामन हे १९६५ साली पुण्यात जन्मले. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. तरीही ते पुणे विद्यापीठात गणित शिकले, मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये गेले आणि तेथून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात. तेथे त्यांच्या लक्षात आले की, ज्या अर्थी लाटेखमध्ये लिहिलेल्या गणितात कोणता आकडा कोठे बसतो हे शब्दांनी सांगितलेले असते, त्या अर्थी ते यंत्राकडून वाचूनही घेता येईल. १९९४ साली त्यांनी पीएच. डी. साठी असे वाचन-यंत्रणेचे काम सादर केले. 'अ‍ॅस्टर' हे त्या यंत्रणेचे नाव. त्यांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्याचेही नाव तेच. ही यंत्रणा समीकरण मोठ्याने वाचीत असे आणि खांद्यावर बसलेला घातांक आला की आवाज किंचित चढवीत असे. जे डोळ्यांना वर दिसते, ते कानाला वरच्या सुरात ऐकू येते! कागदावरची जागा अशी आवाजात उतरविता येते, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे १९९८ साली संकेतस्थळांवर गणित लिहिण्यासाठी 'मॅथ-एम-एल' ही प्रमाण पद्धती ठरली. तिचेही तत्त्व हेच की, चिन्हाचे चित्र काढू नका, चिन्हाचा अर्थ लिहा.

टिंब पुसले, कर्ज फिटले

हे सर्व पाश्चात्त्यांचे कौतुक झाले. परंतु चिन्हाच्या जागेला जपण्याची गरज आपल्याला नवी नाही. आपल्या भास्कराचार्यांचेच पाहा. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला त्यांचा जन्म. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख सापडला आहे. म्हणजे हे घराणे आपल्या खानदेशाला चांगलेच परिचित होते. त्यांच्या 'बीजगणिता'त अज्ञात राशीला 'या' म्हणतात. 'यावत्तावत्' याचे ते पहिले अक्षर. दुसऱ्या अज्ञात राशीला 'का', तिसऱ्या राशीला 'नी'. काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी रंगांचीच नावे. आणि ऋण संख्या दाखविण्यासाठी आकड्याच्या डोक्यावर एक टिंब. पाच म्हणजे पाच रुपये जवळ असणे. टिंब दिलेला पाच म्हणजे पाच रुपयांचे कर्ज.

आता असे जुने पान छायाचित्रण-यंत्राखाली धरा. शाईचा शिंतोडा कोणता आणि ऋणाचे टिंब कोणते? पान स्वच्छ करणारी यंत्रणा डाग समजून टिंब पुसून टाकते, नाही तर अक्षर ओळखणारी यंत्रणा त्याला अनुस्वार समजते. एक टिंब गेले की कर्जदार सावकार होतो! संसारात असे झाले तर किती बरे होईल; परंतु गणितात सारा हिशेब कोलमडतो. शिवाय देवनागरीचे म्हणून काही खास घोटाळे आहेत. 'दोन'चा आकडा आणि 'र' हे अक्षर यांच्यात यंत्राची गल्लत होऊ शकते. शून्य कधी टिंब होते, कधी पूर्णविराम.

आमच्याच वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे गाव घ्या. तेथील जैन मंदिरांचे ग्रंथभांडार फार जुने. १९२६ साली नागपुरास मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली, तिच्यात या भांडारांतील पोथ्यांची नोंद आहे. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'च्या हस्तलिखित प्रतीही कारंजास असल्याचे अभ्यासकांनी नमूद केले आहे. महावीराचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. त्यांचा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह १९१२ साली रंगाचार्यांनी मद्रासला छापला आणि १९६३ साली त्याची हिंदी आवृत्ती आपल्या सोलापुरातून निघाली. या ग्रंथात काही गुणाकार असे दिले आहेत की, उत्तर गळ्यातल्या हारासारखे दिसावे. १५२२०७ ला ७३ ने गुणा. आठ एके ओळीने येतात, ११११११११. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा. दोन टोकांना एक-एक आणि मध्ये शून्यांची माळ, मोजून आठच शून्ये: १००००००००१. फराळ झाल्यावर मुलांना करावयास द्या, मुले खूष होतील. मला मात्र हे हार पाहिल्यावर वाटले की, प्राचीन ग्रंथकाराने जणू मुद्रितशोधकासाठीच ही सोय करून ठेवली आहे. एक आकडा चुकीचा उतरवा, हार लगेच तुटतो. दुर्दैव एवढेच की, सगळी गणिते अशी हारासारखी नसतात. पुष्कळ ठिकाणी मणी निसटतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

दोन प्राध्यापक आणि दोन रेघा

आमच्या महाविद्यालयात गणिताचे एक तरुण प्राध्यापक आहेत. त्यांना मी हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "सर, आपण दोघे मिळून ते पुस्तक नीट उतरवू या. चिन्हे मी पाहतो, भाषा तुम्ही पाहा." संध्याकाळी जेवणानंतर आमच्या घरी ही बैठक सुरू झाली. सौभाग्यवतींनी पहिले दोन दिवस कौतुकाने चहा दिला. तिसऱ्या दिवसापासून चहा आपला आपण करून घ्यावा असे ठरले.

कामाची रीत आम्ही जगातल्या अनुभवी मंडळींकडूनच उचलली. २००० साली चार्ल्स फ्रँक्स यांनी 'डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स' ही मंडळी जमविली. एक पुस्तक एकाने उतरवावयाचे म्हणजे वर्ष जाते. म्हणून त्यांनी पाने वाटून दिली. ज्याला जमेल त्याने रोज एक पान तपासावे. तेच पान दुसरा तपासतो, मग तिसरा. त्यानंतर मांडणीच्या खुणा घालणारे वेगळे. गणिताची पुस्तके ते लाटेखमध्येच बसवितात. मराठी 'विकिस्रोता'वरही अशीच शिस्त आहे. पान तपासलेले नसेल तर तांबडे, एकदा तपासले की पिवळे आणि दुसऱ्या माणसाने पुन्हा पाहिले तरच हिरवे. ज्याने पिवळे केले त्याला ते हिरवे करता येत नाही. आपली चूक आपल्याला दिसत नसते, हे मानवी स्वभावाचे सूत्र त्या मंडळींनी बरोबर ओळखले आहे.

पहिला प्रश्न निघाला तो जुन्या मापांचा. मण, शेर, छटाक, आणे, पै यांचे काय करावयाचे? मित्र म्हणाले, "सरळ किलो आणि पैसे करून टाकू." मी म्हणालो, "छे! शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, ती पाठ शुद्ध करण्यासाठी. आपल्या पदरचे घालण्यासाठी नव्हे. लेखकाने लिहिले ते तसेच राहील." हे मी चांगले ठासून सांगितले. आणि दोनच दिवसांनी मीच काय केले ते ऐका.

त्रैराशिकाच्या पाठात एक उदाहरण होते. एका व्यापाऱ्याने ८ मण कापूस अमुक दराने घेतला, तर त्याने किती रुपये दिले? यंत्राने ओळखून दिलेल्या मजकुरात दर होता '५॥ = रुपये'. मी विचार केला, साडेपाच हे ठीक. पण हे 'बरोबर'चे चिन्ह येथे कशाला? त्याच्यापुढे तर काहीच नाही. ही यंत्राची भानगड दिसते. मी ते चिन्ह खोडले. मित्रांनी पान तपासले. त्यांनाही साडेपाच रुपये मण हा दर बरा वाटला. पान झाले. आम्ही दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली आणि तो पाठ मुलीच्या फोनवर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती आली. चेहरा उजळलेला होता. "सर, आता दहाचा वर्ग शंभरच म्हणतो. अपूर्णांकही नीट सांगतो, 'अंश तीन, छेद चार'. मी काल रात्री सगळी उदाहरणे सोडविली."

"छान!" मी म्हणालो.

"पण सर, सातव्या उदाहरणात एक रुपया हरवला आहे."

"हरवला म्हणजे?"

"साडेपाच आठे चव्वेचाळीस. पुस्तकाच्या शेवटी उत्तर पंचेचाळीस दिले आहे. मी तीनदा करून पाहिले. माझे चुकत नाही, सर."

शेवटचे वाक्य ती हळू आवाजात म्हणाली, पण म्हणाली. ज्या मुलीला आयुष्यभर 'तुला गणित जमायचे नाही' असे ऐकावे लागले, तिने ते वाक्य उच्चारावयाला काय लागले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आम्ही मूळ पान काढले. तेथे त्या दोन आडव्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. आणि मला एकाएकी लक्ष्मीपूजनाची ती संध्याकाळ आठवली. पाच, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या रेघा! मी तडक बाजारपेठेत गेलो. दुकानदार गादीवरच होते. त्यांनी हसत हसत सांगितले, "सर, रुपयाचे आणे सोळा. उभी एक रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आणि आडवी एक रेघ म्हणजे एक आणा, दोन म्हणजे दोन आणे, तीन म्हणजे तीन. पाच रुपये, आठ आणे आणि वर दोन आणे, म्हणजे पाच रुपये दहा आणे. त्या दिवशी तुम्ही मान डोलावली, मला वाटलं तुम्हाला समजलं!"

मी काय बोलणार? आठ मण कापसाचे आठ वेळा दोन आणे, म्हणजे सोळा आणे. हरवलेला रुपया सापडला. तो ना यंत्राने गिळला होता, ना शंभर वर्षांच्या काळाने. तो मी स्वतःच्या हाताने, शुद्धलेखनाच्या उत्साहात, खोडून टाकला होता.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि या रेघा सेवानिवृत्त झाल्या. आजच्या पिढीला, आणि माझ्यासारख्या चाळिशीतल्यालाही, त्या दिसल्या तरी ओळखू येत नाहीत. परंतु जगाच्या लिप्यांची जी एकच मोठी यादी संगणकासाठी केलेली आहे, त्या 'युनिकोड'मध्ये २००९ साली या जुन्या रेघांना मानाने जागा मिळाली आहे. पाव, अर्धा, पाऊण, एक आणा, दोन आणे, तीन आणे अशी, आणखी काही खुणा धरून, एकूण दहा चिन्हे तेथे आहेत. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांतूनही हीच पद्धत होती. म्हणजे 'बरोबर'ची दोन रेघांची खूण वेगळी आणि दोन आण्यांच्या दोन रेघा वेगळ्या, हे आता यंत्रालाही सांगता येते. दिसावयास सारख्या, अर्थाने निराळ्या.

शेवटी आम्ही असे ठरविले. पानावर मूळ चिन्ह जसेच्या तसे राहील. कारण तो लेखकाचा पाठ आहे. त्याच्या पाठीमागे, डोळ्यांना न दिसेल अशा रीतीने, 'पाच रुपये दहा आणे' हे शब्द लिहिलेले असतील. फोन ते वाचील. डोळ्यांसाठी चिन्ह, कानासाठी शब्द. एकनाथांचा मानही राहिला आणि मुलीचा हिशेबही जुळला. आणि आणखी एक ठरले. ज्या पाठात उदाहरणांची उत्तरे दिली आहेत, तेथे प्रत्येक उदाहरण ती सोडवून पाहील आणि मगच पान पूर्ण झाले असे आम्ही म्हणू. दोन प्राध्यापकांना जे दिसले नाही, ते तिला ऐकू आले होते. यापेक्षा चांगला तपासनीस कोठे मिळणार?

आपल्या माळ्यावर

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी ट्रंक असते. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते. तिच्यात आजोबांचे अंकगणित, पाढ्यांचे एखादे फाटके पुस्तक, पावकी-निमकी-दिडकीचे तक्ते असतात. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. घरात सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि त्या रेघा, त्या खुणा, ती मापे विचारून घ्या. माझ्यासारखी मान डोलावू नका. लाज वाटली तरी विचारा. त्या खुणा ज्यांना वाचता येतात अशी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि पुस्तक संगणकावर चढविले म्हणजे ते वाचले गेले, असे नव्हे. ज्याच्यापर्यंत ते पोचावयाचे त्याच्यापुढे ते उघडले पाहिजे.

मुलीचे वडील परवा पुन्हा भेटले. हरवलेल्या रुपयाची गोष्ट तिने घरी सांगितली होती. ते बराच वेळ हसले, आणि मग म्हणाले, "आमचा रुपया बी असाच जाते, सर. आठ मनाच्या मांगं एक. कुठं गेला, समजतच नाई." मग थोडे थांबून म्हणाले, "आता समजीन. पोरगी हिशोब धरते."

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला त्यांच्या घरी कापसाच्या हिशेबाची वही पाटावर ठेवली जाईल आणि तिच्या शेजारी मुलीचा फोन. दोघांनाही हळदकुंकू वाहावयाचे, असे तिच्या आईने ठरविले आहे.